सव्वा एकराचा पाऊस

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या शिवारातलं एक एकर रान धरा. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की ४,०४७ लीटर पाणी पडलं. या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस होतो, म्हणजे एकरी वीस लाख लीटर. आता २०१६ चा एप्रिल आठवा. लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं आणि ती ‘जलदूत’ गाडी देशभर गाजली. पहिली खेप दहा वाघिणींची, पाच लाख लीटर. पुढं पन्नास वाघिणी धावू लागल्या, एका खेपेला २५ लाख लीटर. सव्वातीनशे किलोमीटरहून लांब ओढून नेलेलं हे पाणी किती होतं? मंगळवेढ्याच्या सव्वा एकरावर सालभरात आभाळातून पडतं तेवढं.

त्याच उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या जागांवर जमावबंदी लावावी लागली होती. पाच माणसं घागरी घेऊन एकत्र आली तर कायदा मोडेल, अशी वेळ होती. तापणारं हवामान आणि हिंसा यांचा संबंध शोधायला सुदानपर्यंत जायची गरज नाही, तो त्या आदेशात लिहिलेला आहे.

धरणांच्या बातम्यांत येणारा ‘टीएमसी’ हा शब्द आपण सहज वाचून पुढं जातो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, २,८३१ कोटी लीटर. पन्नास वाघिणींची गाडी रोज एक सोडली तर एक टीएमसी वाहून न्यायला ३१ वर्षं लागतील. उजनी धरण भरलं की त्यात ११७ टीएमसी पाणी असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात. म्हणून २०२१ साली उजनीचं पाच टीएमसी पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरकडे वळवण्याची गोष्ट निघाली तेव्हा सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि सरकारला आदेश मागे घ्यावा लागला. पाच टीएमसी म्हणजे दीडशे वर्षांच्या गाड्या. माणसं उगाच रस्त्यावर येत नाहीत. मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचे जीव गेले. तिथं तर दुष्काळही नव्हता. पाणी कुणाच्या हाती जाणार, एवढाच प्रश्न होता.

मंगळवेढ्याला ‘कुणाच्या हाती’ हा प्रश्न निदान साडेपाचशे वर्षांचा आहे, तेव्हा तो धान्याचा होता. पंधराव्या शतकात बहामनी राजवटीचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं लोकांना खुली केली. पुढची कथा महाराष्ट्राला पाठ आहे: बादशहाचं फर्मान, दामाजींना बेदरला नेणं, आणि विठ्ठलानं विठू महार होऊन भरलेली रक्कम. भक्तीचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्यातलं राजकारण थक्क करणारं आहे. सरकारी धान्यावर सैन्य पोसलं जायचं. सव्वादोनशे किलोमीटरवरच्या राजधानीचं धान्य एका अधिकाऱ्यानं रयतेच्या पदरात टाकलं, आणि गावात त्याचं देऊळ उभं राहिलं.

धान्य साठवायची या भागातली जुनी रीत म्हणजे पेव. जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचा थर, वर माती लिंपून तोंड बंद. ज्वारी त्यात वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, कोंडलेली हवा जीव घेते. आधी तोंड मोकळं सोडायचं, दिवा खाली सोडून तो जळतोय का पाहायचं, मग माणूस उतरायचा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी याच सावध शेतीतून आली. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मीटरभर खोल काळ्या जमिनीत एकरी सात-आठ लाख लीटर पाणी ओलीच्या रूपानं मुरतं, म्हणजे दहा हजारांचे सत्तर-ऐंशी टँकर. पेरणीनंतर थेंबही पडला नाही तरी त्या ओलीवर शाळू निसवतो. मात्र सप्टेंबरचा पाऊस हुकला तर टँकर रिकामा, रान रिकामं आणि पेवही रिकामं.

पाणी हे हत्यारही आहे. १६६५ च्या नोव्हेंबरात मिर्झाराजे जयसिंग विजापूरवर चालून निघाले. पुरंदरच्या तहामुळं शिवाजी महाराज सोबत होते. वाटेत मंगळवेढ्याचा किल्ला पडला. तिथून विजापूर ऐंशी किलोमीटर. आदिलशाहीनं शहराभोवतीचा मुलूख उजाड केला, तळी फोडली, विहिरी बुजवल्या. मोगलांची प्रचंड फौज शहराजवळ पोचूनही जानेवारी १६६६ मध्ये माघारी फिरली. पण त्या बुजवलेल्या विहिरींवर जगणारी गावं? बखरकारांनी त्यांची मोजदाद ठेवलेली नाही.

मोजदाद सापडते ती १८७६-७८ च्या दुष्काळाची, आणि ती वाचवत नाही. प्रशांत महासागराचं पाणी तापलं, त्या एल निनोनं दख्खनचा पाऊस पळवला. ब्रिटिश मुलखात किमान ५५ लाख माणसं मेली, काही अभ्यासक हा आकडा कोटीच्या घरात नेतात. मदतकामावरच्या पुरुषाला दिवसाला साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि एक आणा. खडी फोडणाऱ्याला साडेचारशे ग्रॅम! त्याच काळात हिंदुस्थानातून इंग्लंडला लाखो टन गहू जहाजांतून जात होता.

एवढ्या मरणातून बंड किती उठलं? वासुदेव बळवंत फडके यांनी हा दुष्काळ फिरून पाहिला होता. सैन्याच्या हिशेबखात्यातले ते कारकून, आकड्यांचा माणूस. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी रामोशांना घेऊन धामारीवर पहिला दरोडा घातला आणि जुलैमध्ये विजापूरकडच्या देवर नावडगीला ते पकडले गेले. लाखोंच्या उपासमारीतून हत्यार उचललं ते मूठभर माणसांनी. मला यात एक कडवट सत्य दिसतं: पुरता उपाशी माणूस लढत नाही, तो वाट धरतो किंवा झाडाखाली पडून राहतो. हत्यार उचलतो तो ज्याच्या अंगात अजून बळ आहे, आणि ज्यानं कोठारं भरलेली पाहिली आहेत.

जगाचे आकडेही हवामान आणि यादवीचा संबंध दाखवतात, पण तो सरळ नाही. २०११ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार उष्ण कटिबंधातल्या देशांत ला निनाच्या, म्हणजे थंड महासागराच्या वर्षी नवं यादवी युद्ध पेटण्याची शक्यता तीन टक्के असते, एल निनोच्या वर्षी ती सहा टक्के होते. १९५० नंतरच्या दर पाच यादवींपैकी एकीत या सागरी चक्राचा हात असावा, असं त्या संशोधकांचं म्हणणं. सगळ्यांना ते मान्य नाही. २०१९ साली अनेक विद्याशाखांच्या तज्ज्ञांनी मिळून संघर्षांतल्या हवामानाच्या वाट्याचा अंदाज काढला तो ३ ते २० टक्क्यांचा, आणि गरिबी व दुबळं शासन ही कारणं त्यांनी हवामानाच्या वर ठेवली. सुदानच्या दारफूरमध्ये तीनेक लाख माणसं गेली. पाऊस तिथंही आटत होता, पण गावं जाळणाऱ्या टोळ्यांना बळ दिलं ते सरकारनं.

म्हणूनच १९७२ चा दुष्काळ मला जगाच्या इतिहासातली मोठी घटना वाटते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं रोज दुष्काळी कामावर होती. राज्याची लोकसंख्या पाच कोटी, म्हणजे दहातला एक माणूस हातात कुदळ-घमेलं घेऊन उन्हात. भारताच्या तेव्हाच्या लष्कराच्या पाचपट लोक! लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन त्यांनी खडी फोडली, तलाव खोदले, बांध घातले. हाल झाले, जनावरं गेली, घरं उठली. पण लाखांच्या संख्येनं भूकबळी पडले नाहीत आणि यादवी पेटली नाही. विसापूरच्या वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी पुढं १९७७ साली कायदा झाली, आणि २००५ साली देशानं ती उचलली.

मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावं मात्र पाण्यासाठी दशकानुदशकं झगडली. शेजारच्या जतमध्ये २०२२ च्या अखेरीस कर्नाटकात जाण्याची भाषा सुरू झाली, तीही पाण्यापायी. मंगळवेढ्याच्या २४ गावांसाठीच्या उपसा सिंचन योजनेला २०२४ साली मंजुरी मिळाली आहे. मंजुरीनं रान भिजत नाही. या गावांतल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या ग्रामसभेत योजनेचं काम किती झालं, रोजगार हमीवर किती माणसांना किती दिवस काम मिळालं, टँकरच्या किती खेपा झाल्या, हे तीन आकडे मागा, फळ्यावर लिहून घ्या आणि दर महिन्याला पुन्हा विचारा.