‘दोन मिनिटां’शी स्पर्धा : झटपट नूडल्सच्या जाहिराती आणि बंगळुरूची जपानी कंपनी

भुकेलेली मुले घरात धावत येतात, आई ‘बस दो मिनट’ म्हणते आणि वाफाळत्या बशा समोर येतात. झटपट नूडल्सची भारतात सर्वाधिक लक्षात राहिलेली जाहिरात हीच. मात्र ती जपानी कंपनीची नव्हती. स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीने १९८३ मध्ये मॅगी भारतात आणली आणि पुढच्याच वर्षी दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘हम लोग’ या मालिकेचे प्रायोजकत्व घेऊन तिला घरोघरी पोहोचवले. हा पदार्थ ज्यांनी शोधला ते जपानी उद्योजक त्या वेळी भारतीय बाजारात नव्हतेही.

मोमोफुकू आंदो यांनी २५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’ विक्रीस आणले. तळून कोरड्या केलेल्या या नूडल्सवर उकळते पाणी ओतले की जेवण तयार होत असे. किंमत होती ३५ येन. ताज्या ‘उदॉन’ शेवयांच्या तुलनेत ती बरीच जास्त असल्याने, एवढे पैसे कशासाठी मोजायचे, हे ग्राहकाला पटवणे भाग होते. जपानमध्ये दूरचित्रवाणी नुकतीच, म्हणजे १९५३ मध्ये सुरू झाली होती. झटपट अन्न आणि दूरचित्रवाणी संच असे दोन्ही एकाच सुमारास घरात शिरले.

आंदो यांच्या निस्सिन कंपनीने १९७१ मध्ये ‘कप नूडल’ आणले. त्याची सर्वांत प्रभावी जाहिरात कंपनीने केलेलीच नव्हती. फेब्रुवारी १९७२ मध्ये असामा पर्वताजवळील एका विश्रामगृहात सशस्त्र डाव्या गटाने एका महिलेला ओलीस धरले. कडाक्याच्या थंडीत पोलिसांच्या डब्यांतला भात गोठत होता, म्हणून त्यांना कप नूडल देण्यात आले. बर्फात उभे राहून वाफाळता कप तोंडाला लावणारे पोलीस देशभरातील प्रेक्षकांनी थेट प्रक्षेपणात पाहिले आणि त्यानंतर मागणी वाढली.

पदार्थ कसा करायचा हे एकदा सर्वांना ठाऊक झाल्यावर जपानी जाहिरातींना विनोदाची मोकळीक मिळाली. तीन मिनिटे गरम पाण्यात ठेवून खायच्या ‘बॉन करी’च्या १९७० च्या दशकातील जाहिरातीत एका गाजलेल्या सामुराई कथेचे विडंबन होते. त्यात तीन मिनिटांची प्रतीक्षा हाच विनोदाचा विषय होता. निस्सिनच्या ‘हंग्री?’ या मालिकेत आदिमानवांचा इवलासा घोळका अजस्र प्राण्यांमागे धावत सुटतो. शिकार मात्र काही हाती लागत नाही. नूडल्सच्या चवीविषयी एक शब्दही न उच्चारणाऱ्या या मालिकेला १९९३ मध्ये कान येथील जाहिरात महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

भारतात निस्सिनला अशी मोकळीक नव्हती. इंडो निस्सिन फूड्स ही तिची कंपनी १९८८ मध्ये बंगळुरूत स्थापन झाली. शहरालगतच्या जिगणी औद्योगिक वसाहतीत कारखाना उभा राहिला आणि १९९१ मध्ये ‘टॉप रामेन’ बाजारात आले. तोवर नूडल्स मागायला गेलेला ग्राहक दुकानात ‘मॅगी’च मागू लागला होता. पदार्थाची ओळख करून देण्याचे काम प्रतिस्पर्ध्याने आधीच केले होते आणि त्याबरोबर पदार्थाचे नावही आपल्याकडे घेतले होते. वेळेचा मुद्दा मांडावा, तर दोन मिनिटेही त्याचीच झाली होती.

मग टॉप रामेनच्या जाहिरातींनी पोताचा आधार घेतला. आपले नूडल्स चिकटत नाहीत, मऊसूत व गुळगुळीत आहेत, हे सांगण्यासाठी ‘स्मूद’ आणि ‘नूडल्स’ यांचा संधी करून ‘स्मूडल्स’ हा शब्द घडवण्यात आला. ‘डोन्ट बी अ नूडल, बी अ स्मूडल’ हे घोषवाक्य इंग्रजीत चपखल बसते, कारण तेथे ‘नूडल’चा एक अर्थ बावळट असाही आहे. मराठीत वा हिंदीत त्याचे भाषांतर करताच गंमत नाहीशी होते. उपग्रह वाहिन्यांच्या पहिल्या दशकातील प्रेक्षकांना हा शब्द अजूनही आठवतो. दुकानातला शब्द मात्र बदलला नाही.

यातील विरोधाभास असा की नावाची हीच लढाई दुसऱ्या एका जपानी उत्पादनाने भारतात केव्हाच जिंकली होती. मोनोसोडियम ग्लुटामेट हा चव वाढवणारा क्षार किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधला व पुढच्या वर्षी तो ‘अजिनोमोटो’ या नावाने विकला जाऊ लागला. भारतीय स्वयंपाकघरात आजही त्या क्षाराला अजिनोमोटोच म्हणतात, पुडी कोणत्याही कंपनीची असो.

२०१५ मध्ये या दोन्ही नावांची गाठ पडली. उत्तर प्रदेशातील तपासणीनंतर मॅगीत शिसे प्रमाणाबाहेर असल्याचा आणि वेष्टनावर ‘ग्लुटामेट घातलेले नाही’ असे छापूनही ते आढळल्याचा आक्षेप घेण्यात आला. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ५ जून रोजी मॅगी परत घेण्याचा आदेश दिला. एका कंपनीचे नाव साऱ्या पदार्थाचे नाव झाले की तिच्याविषयीचा संशयही साऱ्या पदार्थावर पसरतो. प्राधिकरणाने इतर कंपन्यांच्या नूडल्सच्याही तपासणीच्या सूचना दिल्या आणि जूनअखेरीस इंडो निस्सिनने मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत टॉप रामेन बाजारातून मागे घेत असल्याचे जाहीर केले. ज्या नावाशी ही कंपनी चोवीस वर्षे झगडली, त्या नावावरील संकटाचा भार तिलाही वाहावा लागला.

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी मॅगीवरील बंदी रद्द ठरवली. नेस्लेला आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, असे न्यायालयाचे मत होते. पुढे मार्च २०१६ मध्ये प्राधिकरणाने ग्लुटामेटबाबत राज्यांना स्पष्ट निर्देश दिले. टोमॅटो, चीज अशा अनेक पदार्थांत ते निसर्गतःच असते. त्यामुळे नूडल्समध्ये ते केवळ सापडले म्हणून नव्हे, तर वेष्टनावर ते नसल्याचा दावा केलेला असतानाही सापडले, तर खटला भरावा, असे या निर्देशांत म्हटले होते.