धावता क्वार्टरबॅक व बचावतंत्र

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईची सूत्रे सांभाळणारा क्वार्टरबॅक स्वतःच चेंडू घेऊन धावू लागला असता त्याला रोखण्याचे बचाव संघाचे तंत्र. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ‘स्प्रेड ऑफेन्स’ ही विस्तृत मांडणीची चढाई १९९० नंतर रूढ होत गेली, तेव्हापासून या तंत्राला विशेष महत्त्व प्राप्त झाले. या चढाईतील धावते क्वार्टरबॅक टिम टीबो (फ्लॉरिडा, २००७), कॅम न्यूटन (ऑबर्न, २०१०), जॉनी मॅन्झेल (टेक्सस ए अँड एम, २०१२) व लमार जॅक्सन (लूइव्हिल, २०१६) यांना महाविद्यालयीन खेळातील सर्वोच्च मानली जाणारी हाइझ्मन ट्रॉफी मिळाली, यावरून तिचा प्रभाव लक्षात येतो.

या खेळात प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चढाई करणाऱ्या संघास चार प्रयत्नांत १० यार्ड (९.१४ मी.) पुढे जावे लागते. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी मधला लाइनमन चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. क्वार्टरबॅक तो पुढे फेकतो, शेजारच्या रनिंग बॅकच्या हाती देतो किंवा स्वतः घेऊन धावतो. आघाडीचे पाच लाइनमन प्रतिपक्षास अडवून त्याला वाट करून देतात.

पूर्वेतिहास : क्वार्टरबॅकने धावण्याची कल्पना नवी नाही. मिझूरी विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉन फॉरो यांनी १९४१ मध्ये ‘स्प्लिट-टी’ ही रचना प्रचारात आणली. एका बचावपटूस मुद्दाम न अडवता मोकळे सोडावयाचे आणि तो ज्याच्यावर धावून जाईल त्याच्याऐवजी दुसऱ्याने चेंडू न्यावयाचा, हे तिचे तत्त्व होय. टेक्सस विद्यापीठात एमरी बेलर्ड यांनी १९६८ मध्ये तयार केलेली ‘विशबोन’ रचनाही याच तत्त्वावर आधारलेली होती. या रचनांत खेळाडू मध्यभागी एकवटलेले असत व चेंडूफेक क्वचितच होई. त्यामुळे बचाव संघालाही मध्यभागी दाटी करता येत असे. १९९० नंतरच्या काही वर्षांत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ग्लेनव्हिल स्टेट महाविद्यालयाचे प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांनी हेच तत्त्व विस्तृत मांडणीस जोडले. ‘झोन रीड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या डावाचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते.

संख्येचा हिशेब : क्वार्टरबॅकने चेंडू दुसऱ्यास देऊन बाजूला राहावयाचे, अशा परंपरागत डावात तो स्वतः आणि धावणारा खेळाडू या दोघांखेरीज नऊच जण अडवण्यास उरतात. बचावपटू अकरा असल्याने त्यांचे दोन गडी मोकळे राहतात. क्वार्टरबॅक स्वतः धावू लागला, की मोकळा गडी एकच उरतो. आणि तो बहुधा लांब फेकीच्या भीतीने मागे उभा असलेला सेफ्टी असतो. बचाव संघाने गमावलेला हा एक गडी परत कोठून आणावयाचा, हाच या तंत्रातील मूळ प्रश्न होय.

विस्तृत मांडणीमुळे तो अधिक बिकट होतो. चार रिसीव्हर मैदानाच्या रुंदीभर पसरले, की बचाव संघाचे साधारणतः सहाच खेळाडू मध्यभागी उरतात. त्यांपैकी पाच जणांना पाच लाइनमन अडवतात आणि सहाव्याला क्वार्टरबॅक केवळ नजरेने ‘वाचतो’. तो टोकाचा बचावपटू रनिंग बॅकवर धावला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःजवळ ठेवून त्याने सोडलेल्या जागेतून निघतो. तो जागीच थांबला, तर चेंडू रनिंग बॅकला मिळतो. सातवा बचावपटू आत आणावा, तर चार रिसीव्हरांमागे चारच जण राहतात आणि पाठीशी कोणी उरत नाही. शिवाय महाविद्यालयीन मैदान ५३ १/३ यार्ड (४८.७७ मी.) रुंद असून चेंडू मांडण्याच्या खुणांच्या दोन ओळींमध्ये ४० फूट (१२.१९ मी.) अंतर असते, व्यावसायिक मैदानावर ते १८ फूट ६ इंच (५.६४ मी.) आहे. चेंडू एका ओळीवर असताना दुसऱ्या बाजूस १०० फूट (३०.४८ मी.) रुंदीचे क्षेत्र राखावे लागते.

प्रतिडाव : पहिला उपाय म्हणजे जबाबदाऱ्यांची काटेकोर वाटणी. रनिंग बॅक कोणाचा व क्वार्टरबॅक कोणाचा, हे डावापूर्वीच ठरलेले असते. नेमून दिलेल्या बचावपटूने चेंडू कोठे आहे याचा अंदाज न बांधता आपल्या माणसाकडेच जावयाचे असते. चेंडूमागे धावण्याची स्वाभाविक ऊर्मी येथे घातक ठरते.

दुसरा उपाय ‘स्क्रेप एक्स्चेंज’ म्हणजे जबाबदारीची अदलाबदल. टोकाचा बचावपटू मुद्दाम आत घुसतो. ते पाहून क्वार्टरबॅक चेंडू स्वतःजवळ ठेवतो व बाहेर पडतो. परंतु तेथे मागून वळसा घालून आलेला लाइनबॅकर त्याची वाट पाहत असतो. क्वार्टरबॅकने अचूक वाचन करूनही तो फसतो, हे या प्रतिडावाचे वैशिष्ट्य होय. त्यावर चढाई करणारे संघ त्या लाइनबॅकरसाठी अडवणारा जादा खेळाडू पाठवतात किंवा टोकाच्याऐवजी मधल्या बचावपटूस वाचू लागतात.

तिसऱ्या पद्धतीत टोकाचा बचावपटू कोणावरही न धावता खांदे समोर ठेवून बाजूस सरकत राहतो. निर्णय जितका लांबेल तितका वेळ इतर बचावपटूंना जवळ येण्यास मिळतो. तथापि या पद्धतीत तो दोघांपैकी एकालाही हमखास पाडू शकत नाही.

मागील फळीची रचनाही महत्त्वाची असते. प्रत्येक रिसीव्हरमागे एकेक बचावपटू धावत असेल, तर त्यांच्या पाठी क्वार्टरबॅककडे वळतात व तो निसटल्याचे त्यांना उशिरा कळते. क्षेत्ररक्षणात सर्वांची नजर क्वार्टरबॅकवर राहते. मात्र क्षेत्रांच्या सीमेवर रिसीव्हर मोकळे सापडतात. ‘क्वार्टर्स’ या रचनेत मागील क्षेत्राचे चार भाग करून दोन्ही सेफ्टींना धाव ओळखताच पुढे येण्याची मुभा दिली जाते. हरवलेला गडी परत मिळवण्याचा हा बहुप्रचलित मार्ग आहे. परंतु धावेचा आभास निर्माण करून चेंडू फेकला गेल्यास पुढे आलेल्या सेफ्टीची जागा रिकामी सापडते. महाविद्यालयीन नियमांनुसार फेकीच्या वेळी लाइनमन तीन यार्डांपर्यंत (२.७४ मी.) पुढे गेलेले चालतात, व्यावसायिक खेळात ही मर्यादा एक यार्ड आहे. त्यामुळे लाइनमनच्या हालचालींवरून धाव की फेक हे ओळखणे महाविद्यालयीन बचावपटूंना अधिक कठीण जाते.

नियोजित धाव व निसटती धाव यांत फरक केला पाहिजे. फेकीचा डाव फसल्यावर क्वार्टरबॅक वाट मिळेल तिकडे धावतो, तेव्हा जबाबदाऱ्यांची पूर्वनियोजित वाटणी उपयोगी पडत नाही. अशा वेळी आघाडीच्या बचावपटूंनी आपापल्या वाटा न सोडता त्याला घेरून आत ठेवावयाचे असते. एका चपळ बचावपटूस केवळ त्याच्यावर पहारा ठेवण्यासाठी नेमण्याची पद्धतही आहे; मात्र तो क्वार्टरबॅकहून मंद असेल, तर एक गडी वाया जातो. ४ जानेवारी २००६ रोजी झालेल्या रोज बोल सामन्यात टेक्ससचे व्हिन्स यंग यांनी चौथ्या व अखेरच्या प्रयत्नात, १९ सेकंद उरले असताना, उजव्या कडेने ८ यार्ड धावून निर्णायक गुण मिळवले व सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठास ४१–३८ असे हरवले. त्या सामन्यात यंग यांनी धावून २०० यार्ड मजल मारली होती.

संघरचना व सराव : या चढाईमुळे बचावपटूंच्या निवडीतही बदल झाला. वजनदार लाइनबॅकरांऐवजी हलके व वेगवान खेळाडू घेण्यात येऊ लागले. टेक्सस क्रिश्चन विद्यापीठात गॅरी पॅटर्सन यांनी रूढ केलेली ४–२–५ ही मांडणी आणि ३–३–५ ही मांडणी यांत मागील फळीत पाच खेळाडू असतात. मध्यभागातून बळाने मुसंडी मारणाऱ्या संघापुढे मात्र हीच मांडणी तोकडी पडू शकते. सरावात तितकाच चपळ क्वार्टरबॅक प्रतिस्पर्धी म्हणून उभा करणे अवघड असल्याने तयारीचा अवधीही मोलाचा ठरतो. १० जानेवारी २०११ रोजी झालेल्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापूर्वी ऑबर्न संघास महिन्याहून अधिक काळ मिळाला होता. त्या सामन्यात त्याने धावसंख्येत अग्रेसर असलेल्या ऑरेगन संघास १९ गुणांवर रोखून २२–१९ असा विजय मिळवला.

नियम व सुरक्षितता : वारंवार धावणाऱ्या क्वार्टरबॅकला धडकाही अधिक बसतात. त्यामुळे प्रत्येक डावात, चेंडू त्याच्याजवळ असो वा नसो, त्याला नियमात राहून धडक देणे हे काही बचाव संघांचे धोरण असते. त्यावर मर्यादा घालणारे नियम क्रमाने कडक झाले. डोके व मान यांवर हेतुतः केलेल्या आघाताबद्दल खेळाडूस सामन्यातून बाहेर काढण्याची शिक्षा २०१३ पासून लागू झाली. पाय पुढे टाकून जमिनीवर घसरणाऱ्या क्वार्टरबॅकचा डाव तेथेच संपतो व त्याच्यावर धडक मारता येत नाही. ४ डिसेंबर २०२१ रोजी पिट्सबर्ग विद्यापीठाचे केनी पिकेट यांनी वेक फॉरेस्टविरुद्ध असे घसरण्याची हुलकावणी दिली. नियम पाळून बचावपटू थबकले आणि पिकेट ५८ यार्ड धावून गुण मिळवते झाले. यानंतर लगेचच, अशी हुलकावणी दिल्यास डाव त्याच जागी संपलेला मानावा, असा निर्णय नियामक संघटनेने दिला.

बचावाच्या यशापयशाचे मोजमाप करतानाही सावधगिरी आवश्यक असते. महाविद्यालयीन नोंदींत, फेकीच्या प्रयत्नात पाडल्या गेलेल्या क्वार्टरबॅकचे मागे गेलेले अंतर त्याच्या धावांतून वजा केले जाते. त्यामुळे केवळ धावांच्या बेरजेवरून त्याला कितपत रोखले, याचा खरा अंदाज येत नाही. कोणताही एक प्रतिडाव कायमचा पुरा पडत नाही. म्हणून प्रशिक्षक एकाच सामन्यात दोन-तीन पद्धती आलटून पालटून वापरतात आणि क्वार्टरबॅकचे वाचन अनिश्चित करण्यावर भर देतात.