आकाशातून उतरणारा रणरथ

हवाई छत्रीच्या साहाय्याने शत्रूच्या मुलखात उतरणारा सैनिक शूर असतो. परंतु जमिनीला पाय लागताच तो साधा पायदळ शिपाई होतो. अंगावर वाहून आणता येईल तेवढेच शस्त्र त्याच्याजवळ असते. सप्टेंबर 1944 मध्ये हॉलंडमधील आर्न्हेम शहरी ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांना याचा कटू अनुभव आला. ऱ्हाईन नदीवरील पुलाच्या एका टोकाशी त्यांची तुकडी तीन दिवसांहून अधिक काळ प्राणपणाने झुंजली. पण जर्मन चिलखती दळापुढे अखेर तिचा निभाव लागला नाही.

मग सैनिकांबरोबर रणगाडाही आकाशातून का उतरवू नये? अडचण वजनाची होती. रणगाडा तीस-चाळीस टनांचा. एवढे ओझे छत्रीने खाली उतरविणे सोपे नव्हते. म्हणून सोव्हिएत संघातील व्होल्गोग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यात एक नवीन वाहन घडविण्यात आले. 1969 मध्ये ते सैन्यात दाखल झाले. त्याचे नाव बीएमडी-1.

या गाडीचे चिलखत पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते. त्यामुळे तिचे वजन अवघे साडेसात टनांच्या आसपास राहिले. तिच्यावर 73 मिलिमीटर व्यासाची तोफ होती. ती पाण्यात तरंगत असे आणि नदी पार करीत असे. शिवाय तिचे धड जमिनीपासून वर उचलता अथवा खाली आणता येई. त्यामुळे विमानात ती पोटावर बसवून घट्ट बांधता येई.

तरीही एक मोठा प्रश्न उरला. गाडी आपल्या छत्र्यांनी उतरे आणि तिचे सैनिक निराळ्या छत्र्यांनी. वाऱ्यामुळे दोघांची ताटातूट होई. अंधारात आपली गाडी शोधत फिरणारा सैनिक शत्रूच्या हाती सहज सापडला असता. यावर छत्रीधारी दलाचे सेनापती वासिली मार्गेलोव्ह यांनी उपाय सुचविला : सैनिकांनी गाडीतच बसून खाली यावे! हे ऐकून अनेकांच्या अंगावर काटा आला. छत्री उघडली नाही, तर आत बसलेल्यांना सुटकेचा मार्ग नव्हता.

5 जानेवारी 1973 रोजी तुला शहराजवळ हा प्रयोग झाला. गाडीत दोघे जण होते. एक लिओनिद झुयेव्ह, आणि दुसरा अलेक्झांडर मार्गेलोव्ह, म्हणजे सेनापतींचा स्वतःचा मुलगा! आतील आसने अंतराळवीरांच्या आसनांच्या धर्तीवर बनविलेली होती. विमानातून गाडी बाहेर पडली, प्रचंड छत्र्या उघडल्या आणि ती सुखरूप जमिनीवर टेकली. थोड्याच वेळात ती स्वतःच्या बळावर चालू लागली. जो धोका इतरांच्या मुलांनी पत्करावा असे पित्याला वाटत होते, तो त्याने प्रथम आपल्या मुलाला पत्करू दिला.

1976 मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडले. गाडी एकाच मोठ्या छत्रीने वेगाने खाली येई. तिच्याखाली लोंबणाऱ्या दांड्या जमिनीला टेकताच अग्निबाण पेटत आणि शेवटच्या क्षणी वेग थोपवून धरीत. या प्रयोगातही अलेक्झांडर गाडीत होता.

मात्र हलकेपणाची किंमत द्यावी लागतेच. 1979 मध्ये सुरू झालेल्या अफगाणिस्तानातील युद्धात सुरुंगांच्या स्फोटांनी या गाड्यांचे पातळ तळ फुटले. तेथे छत्रीधारी सैनिकांना अधिक जाड चिलखताची वाहने वापरावी लागली. पुढे आलेली बीएमडी-4 ही गाडी साडेतेरा टनांच्या घरात गेली.

चिलखत वाढविले की वजन वाढते. वजन घटविले की संरक्षण घटते. या दोन टोकांमध्ये योग्य तोल शोधणे, हेच अभियंत्याचे खरे कार्य होय. त्या तोलावर आतील सैनिकांचे प्राण अवलंबून असतात.