कोचावरून उठलेले मंत्री

स्वीडनमध्ये देशभरात चार टक्के मतं मिळाली नाहीत, तर पक्षाला संसदेचं दार सहसा बंदच. १९८२ साली 'फोल्कपार्टिएट' हा जुना उदारमतवादी पक्ष ५.९ टक्क्यांवर येऊन ठेपला होता. बुडता बुडता वाचला, एवढंच. पुढच्या वर्षी पक्षाची धुरा बेंग्ट वेस्टरबर्ग यांच्याकडे आली. सरकारी खात्यांत मुरलेले, आकडे तोंडपाठ असलेले, आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ. सभा गाजवणाऱ्यांपैकी ते नव्हते. पण १९८५ च्या प्रचारात टीव्हीवरच्या चर्चांमधलं त्यांचं शांत, मुद्देसूद बोलणं लोकांना भावलं. मतं १४.२ टक्के झाली, खासदार २१ चे ५१. तिथले पत्रकार याला अजून 'वेस्टरबर्ग परिणाम' म्हणतात. सत्ता मात्र पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याकडेच राहिली.

सत्ता मिळाली १९९१ मध्ये, तीही अडचणीची. कार्ल बिल्ट यांच्या चार पक्षांच्या आघाडीकडे ३४९ पैकी १७० जागा होत्या. २५ जागा 'नवी लोकशाही' या नव्याकोऱ्या पक्षाच्या हाती. त्याचे नेते दोन: सरदार घराण्यातले उद्योजक इयान वाख्तमेइस्टर आणि रेकॉर्ड कंपनीचे मालक बेर्ट कार्लसन. सभेत बिअरचे रिकामे क्रेट एकावर एक रचून ते राजकारण समजावत, आणि परदेशातून आलेल्यांविरुद्ध बोलून टाळ्या घेत. निकालाच्या रात्री, १५ सप्टेंबरला, हे दोघं टीव्हीच्या स्टुडिओत येऊन कोचावर बसायला लागले, तसे वेस्टरबर्ग उठले आणि निघून गेले. अख्ख्या देशानं ते पाहिलं. कुणी त्याला बाणेदारपणा म्हटलं, कुणी नाटक. मला ते नाटक वाटत नाही, पण गैरसोयीचं सत्य असं, की पुढची तीन वर्षं सरकारला अनेक ठरावांसाठी त्याच २५ मतांकडे पाहावं लागलं. 'बाहेरून पाठिंबा' म्हणजे काय, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

वेस्टरबर्ग उपपंतप्रधान आणि समाजकल्याण मंत्री झाले. काळ वाईट होता. सप्टेंबर १९९२ मध्ये क्रोना या स्वीडिश चलनाचं मूल्य सावरण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर काही दिवस चक्क ५०० टक्क्यांवर नेला. तरी नोव्हेंबरात क्रोनाचा स्थिर दर सोडावाच लागला. अशा वेळी कल्याण खात्याच्या मंत्र्यानं कात्री चालवावी, अशीच अपेक्षा. ती त्यांनी चालवलीही. पण त्याच मंदीत त्यांनी एक महागडा कायदा संमत करून घेतला.

१ जानेवारी १९९४ पासून लागू झालेला हा कायदा 'एलएसएस' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. गंभीर अपंगत्व असलेल्या माणसाला वैयक्तिक मदतनीस मिळणं हा त्यानं हक्क केला. उठणं, अंघोळ, कपडे, जेवण अशा मूलभूत गरजांसाठी आठवड्याला २० तासांहून जास्त मदत लागत असेल, तर पैसे सरकारी विमा देणार. मदतनीस कोण असावा, त्यानं किती वाजता यावं, हे ठरवणार स्वतः ती व्यक्ती. संस्थेच्या वेळापत्रकानं जगायचं नाही. कल्पना मंत्र्यांची नव्हती. आडोल्फ राट्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॉकहोममध्ये सहकारी संस्था काढून १९८७ पासून हे करून दाखवलं होतं. चळवळीच्या प्रयोगाला कायद्याचं बळ दिलं, हे श्रेय वेस्टरबर्ग यांचं. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, आणि नंतर निकष आवळले गेले. तेव्हा त्याविरुद्ध जाहीरपणे बोलणाऱ्यांत माजी मंत्री पुढे होते.

दुसरं काम घरातलं. आई-बापांच्या भरपगारी नसली तरी बऱ्यापैकी भत्त्याच्या बालसंगोपन रजेतला एक महिना प्रत्येकासाठी राखीव ठेवायचा. बापानं घेतला नाही तर तो गेला. आघाडीतल्या ख्रिश्चन डेमोक्रॅटांना हे रुचेना, त्यांना घरी राहून मूल सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता हवा होता. मग देवाणघेवाण झाली, दोन्ही मंजूर झालं. पुढच्या सोशल डेमोक्रॅट सरकारनं तो भत्ता लगेच रद्द केला; 'बापाचा महिना' मात्र १९९५ पासून सुरू झाला आणि आज तो ९० दिवसांचा आहे.

१९९४ मध्ये पक्ष ७.२ टक्क्यांवर घसरला आणि वेस्टरबर्ग यांनी नेतेपद सोडलं. २००५ ते २०११ ते स्वीडिश रेड क्रॉसचे अध्यक्ष होते. त्यांच्या पक्षाचं नाव आता 'लिबरालेर्ना'. २०२२ पासून तो ज्या सरकारमध्ये आहे, ते स्थलांतरविरोधी स्वीडन डेमोक्रॅट पक्षाच्या पाठिंब्यावर उभं राहिलं. त्या पक्षाशी जवळीक करायला वेस्टरबर्ग यांनी आधीच उघड विरोध केला होता. पक्षानं ऐकलं नाही.