जुनें यान, नवे प्रवासी

एखादी कथा लोकांच्या मनांत घर करून बसली, कीं ती एकट्या निर्मात्याची रहात नाहीं. अमेरिकेंतील ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची दूरचित्रवाणी-मालिका १९६८ सालीं बंद पडण्याच्या बेतांत असतां प्रेक्षकांनीं पत्रांचा वर्षाव करून तिला आणखी एक वर्षाचें आयुष्य मिळवून दिलें. म्हणूनच २००९ सालीं दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनीं कर्क व स्पॉक या भूमिका नव्या नटांना देऊन कथेचा पुन्हा श्रीगणेशा केला, तेव्हां जुने चाहते साशंक झाले. एब्रम्स यांनीं तोड चतुराईची काढली. भविष्यांतून आलेल्या एका यानामुळें काळाला निराळाच फांटा फुटला, असें त्यांनीं दाखविलें. जुना इतिहास अबाधित राहिला. शिवाय मूळचे स्पॉक लेनर्ड निमॉय स्वतः पडद्यावर आले. पुष्कळांची शंका फिटली.

१९८२ सालच्या चित्रपटांत स्पॉकनें सहकाऱ्यांसाठीं प्राण दिले होते. २०१३ सालीं तोच प्रसंग कर्कवर योजिला गेला, आणि त्याच वर्षीं लास व्हेगास येथील मेळाव्यांत चाहत्यांनीं त्या नव्या चित्रपटाला मालिकेंतील सर्वांत निकृष्ट ठरविलें. पहिल्या मृत्यूमागें सोळा वर्षांचा स्नेह होता. नव्या जोडीची ओळख अवघी चार वर्षांची. नवे चेहरे रसिक पत्करतात. उसनें दुःख त्यांना पटत नाहीं.