विश्लेषण : जुन्या इमारतीतील फ्लॅट घेताय? टोकन देण्याआधी हे तपासा

मुंबई, ठाणे, पुण्यात नव्या घरांचे दर परवडत नसल्याने अनेक जण २५-३० वर्षे जुन्या इमारतींतील ‘रीसेल’ फ्लॅटकडे वळतात. जागा मोक्याची असते, ताबाही लगेच मिळतो. मात्र नवा रंग आणि चकचकीत फरशी फक्त फ्लॅटची असते. पैसे गुंततात ते संपूर्ण इमारतीत. ती किती भक्कम आहे, हे कसे ओळखावे?

पाहणी कुठून सुरू करावी?

पार्किंगपासून. खांब आणि बीमवर सळईच्या रेषेत गेलेल्या भेगा, तांबूस डाग, पोपडे निघून उघडी पडलेली सळई ही धोक्याची लक्षणे आहेत. गंजलेली सळई फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. त्यामुळे वरून प्लास्टर मारले तरी दोष तसाच राहतो. प्लास्टरवरच्या केसासारख्या भेगा मात्र बहुतेकदा किरकोळ असतात. गच्ची, पाण्याच्या टाक्या, डक्ट आणि वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचे छतही पाहावे. शक्य असल्यास एक फेरी पावसाळ्यात मारावी.

तळमजल्यावर खांब किंवा भिंतींची तोडफोड झाली आहे का, हेही विचारावे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमधील साईदर्शन इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तेव्हा तळमजल्यावरील फेरबदलांवरच बोट ठेवले गेले होते.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये काय पाहावे?

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी, तर ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी करायचे असते. विक्रेत्यामार्फत शेवटच्या अहवालाची प्रत मागावी आणि त्यातील श्रेणी पाहावी. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची इमारत. ‘सी-२ए’मध्ये काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती लागते, ‘सी-२बी’मध्ये रिकामी न करता. ‘सी-३’मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते.

दुरुस्तीचा खर्च कोणावर?

सोसायटीच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि ताळेबंद वाचावेत. सिंकिंग फंडात पैसे नसतील आणि मोठी दुरुस्ती ठरली असेल, तर जादा वर्गणी नव्या मालकाच्या माथी येऊ शकते. ती कोणी भरायची, हे करारात लिहून घ्यावे.

‘लवकरच पुनर्विकास’ या आश्वासनाचे काय?

तोंडी शब्दावर जादा दर देऊ नये. सभेचा ठराव आणि विकासकाशी झालेला नोंदणीकृत करार मागावा. कन्व्हेयन्स झाले नसेल, तर जमीन अजून सोसायटीच्या नावावर नसते आणि पुनर्विकास रखडू शकतो. भोगवटा प्रमाणपत्रही तपासावे.

अहवाल मिळाला नाही तर?

सोसायटीच्या परवानगीने स्वतःच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाहणी करून घ्यावी. त्याची फी घराच्या किमतीपुढे नगण्य असते. परवानगीही नाकारली, तर टोकन न देता दुसरे घर पाहणे शहाणपणाचे.