कुलूप लागण्याआधी

नगर जिल्ह्यातल्या ज्या गावात माझं लहानपण गेलं, तिथल्या चर्चमध्ये एक हातपेटी होती. तिच्या शेजारी ‘उपासना संगीत’च्या दोन प्रती असत, त्यातल्या एकीला पुठ्ठा नव्हता. भजन सुरू झालं की झांजा कुणी वाजवायच्या यावरून आम्हा पोरांत भांडणं लागत. दोन वर्षांपूर्वी नाताळाच्या आधीच्या रविवारी मी तिथे गेलो, तेव्हा बाकांवर मोजून एकोणीस माणसं होती. पेटीवर जुनी चादर टाकलेली. वाजवणारे काका वारले आणि त्यांच्या हाताखाली कुणी शिकलं नव्हतं. चार मंडळ्यांना मिळून एकच पाळक, त्यामुळे प्रभुभोजनही महिन्या-दोन महिन्यांनी.

माणसं कुठे गेली, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले, 1831 साली नगरला त्यांचं ठाणं पडलं. पुढे खेडोपाडी ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांचा कणा होता गावचा मास्तर. आठवडाभर तो शाळा घेई, रविवारी उपासना चालवी, रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या उशाशी बसे. मिशनचा पैसा आटला, खेड्यातल्या शाळा बंद पडल्या किंवा दुसऱ्यांच्या हाती गेल्या, आणि मास्तर दिसेनासा झाला. त्याची जागा कुणी घेतलीच नाही. मग 1972 च्या दुष्काळानं धडधाकट माणसं पुण्या-मुंबईला नेली.

आणखी एक कारण आहे, ते आपण दबक्या आवाजात बोलतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळेनाशा झाल्या. कागदावर ख्रिस्ती लिहायचं म्हणजे पोराच्या शिष्यवृत्तीवर पाणी सोडायचं. अशा घरातल्या माणसाला ‘मंडळीत का येत नाहीस?’ म्हणून दरडावताना मी वडीलधाऱ्यांना ऐकलं आहे, आणि दर वेळी माझी मान खाली गेली आहे.

हे दुखणं एकट्या आपलं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 च्या जनगणनेत 59.3 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं. 2021 मध्ये ते 46.2 टक्क्यांवर आले. त्याच इंग्लंडमधली एक गोष्ट मला या सगळ्या चर्चेत सर्वांत मोलाची वाटते. लेस्ली न्यूबिगिन 1936 साली तमिळ मुलखात आले, तमिळ शिकले, 1947 साली दक्षिण भारत मंडळी स्थापन झाली तेव्हा मदुरैचे बिशप झाले. 1974 साली ते मायदेशी परतले. पुढे बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन भागातली, तुरुंगाच्या भिंतीसमोरची मूठभर लोकांची एक मंडळी बंद करायचं घाटत होतं. न्यूबिगिन यांनी विरोध केला. गरीब वस्ती सोडून आपण उपनगरात जाऊन बसलो, तर सुवार्तेचं नाव घ्यायचा आपल्याला हक्क उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. 1980 साली, वयाच्या सत्तरीत, एक भारतीय पाळक सोबतीला घेऊन ती मंडळी त्यांनी स्वतः सांभाळायला घेतली. दारोदार फिरले. भारतात भोगला त्याहून कठीण थंडपणा इथे वाट्याला आला, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. ती मंडळी काही हजारोंची झाली नाही. पण तिथल्या वर्षांनंतर, 1989 च्या आपल्या पुस्तकात, त्यांनी जे मांडलं ते आजही जगभर वाचलं जातं : शेजाऱ्यांना सुवार्ता कळते ती तिच्यावर विश्वास ठेवून जगणाऱ्या मंडळीकडे पाहून. बिशप राहिलेला माणूस मूठभरांसाठी जिने चढतो, हे मला त्या पुस्तकाइतकंच मोठं वाटतं.

मंडळी कशानं वाढते याचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी रूढ केला, ते डोनाल्ड मॅकगॅव्हरन तर आपल्या शेजारचेच. 1897 साली दमोहला, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रांतात, त्यांचा जन्म झाला. एकीकडची मंडळी फोफावते आणि तसलंच काम असलेली दुसरी जागच्या जागी का राहते, हा प्रश्न त्यांना याच मुलखात पडला. वास्कम पिकेट यांनी 1933 साली भारतातल्या सामुदायिक धर्मांतरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्याचाही त्यांच्यावर मोठा परिणाम झाला. माणूस कोणत्या हेतूनं आला यापेक्षा बाप्तिस्म्यानंतर त्याला कुणी शिकवलं, कुणी जवळ केलं, हे जास्त ठरवतं, असं पिकेट यांना आढळलं होतं. आपल्या पंचांनी हे एवढं एक जरी मनावर घेतलं तरी खूप होईल. मॅकगॅव्हरन मात्र पुढे असं म्हणू लागले की माणसं आपल्या जातीची, भाषेची, वर्गाची वेस न ओलांडता ख्रिस्ती होऊ इच्छितात. निरीक्षण खरं असेल. पण त्याची पद्धत करायची म्हणजे जातीला चर्चमध्ये बाक देण्यासारखं आहे. महार आणि मांग समाजातून आलेल्या आपल्या आज्या-पणज्या जी वेस मागे टाकून आल्या, तीच पुन्हा घालून गर्दी जमणार असेल, तर मला ती गर्दी नको.

ख्रिस्टियन श्वार्ट्स या जर्मन अभ्यासकानं 32 देशांतल्या हजारभर मंडळ्या पाहून एक दाखला दिला, तो आपल्या माणसाला चटकन समजेल. लाकडी पिंपात पाणी किती राहणार? सगळ्यांत आखूड फळी असेल तेवढंच. बाकीच्या फळ्या कितीही उंच असू देत. आमच्याकडे उपदेशाची फळी उंच आहे, नाताळाच्या खर्चाची त्याहून उंच. आखूड आहे ती एकमेकांच्या घरी जाण्याची. तरुण पोरं आठवड्याच्या लहान प्रार्थनासभांकडे वळतात, तेव्हा आपण त्यांना फितूर ठरवतो. तिथे त्यांना कुणी नावानं हाक मारतं, परीक्षेची चौकशी करतं, एवढंच ते असतं.

चर्च ऑफ इंग्लंडनं 2014 साली वाढणाऱ्या मंडळ्यांवर एक अहवाल काढला. वाढीचं एकच एक सूत्र नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. जिथे सामान्य सभासदही जबाबदारी उचलतात, मुलांकडे लक्ष असतं आणि काय बदलायला हवं हे लोक स्वतःला विचारतात, तिथे वाढ दिसली. सगळीकडे ओहोटी असताना 2002 ते 2012 या काळात तिथल्या कॅथीड्रलमधली साप्ताहिक उपस्थिती मात्र 35 टक्क्यांनी वाढली.

आपल्याकडे सामान्य सभासदाच्या हाती काम देण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न रेव्हरंड टिळकांनी केला. मिशनचा पगार सोडून 1917 साली ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्ताचे शिष्य एकत्र यावेत, परक्या पैशावर त्यांनी विसंबू नये, ही त्यांची धडपड. 1919 साली ते गेले आणि दरबार टिकला नाही. त्यांची भजनं मात्र राहिली, कारण ती मराठी माणसाच्या गळ्यात आधीच असलेल्या चालीवर बसली होती. पाळक बदलीनं जातो, भजन गावात राहतं.

आमच्या गावात गेल्या हंगामात एक गोष्ट घडली. महिला मंडळातल्या दोघी चर्चच्या पडवीत ऊसतोड मजुरांच्या मुलांना संध्याकाळी शिकवू लागल्या. कुणाला विचारायला गेल्या नाहीत. पाटीवरची अक्षरं, नंतर खिचडी. त्या मुलांपैकी कुणी सभासद होईल म्हणून हे चाललेलं नाही. पण मुलांसाठी चर्चचं दार रोज उघडू लागलं, दिवा लागू लागला. तो पाहून आमच्यातलीच, वर्षानुवर्षं न फिरकलेली तीन घरं खिचडीला तांदूळ घेऊन आली आणि पुढच्या रविवारी बाकावर बसली.

मग कुणीतरी पेटीवरची चादर काढली. भाता उंदरांनी कुरतडला होता. नगरहून कारागीर आला, त्यानं नवं कातडं लावलं. पैसे वर्गणीचे. आता आठवीतली एक मुलगी पेटी शिकते आहे. मधल्या सप्तकातली काळी तीन अजून अडकते. तिथे ती बोट उचलते आणि तेवढा सूर गळ्यानं भरून काढते.